खिडकीच्या आतली खुर्ची

लॅब सोडून प्रोग्रॅमिंगकडे का वळलीस, असं कुणी विचारलं की मी समोरचा माणूस बघून उत्तर देते. नातेवाइकांना सांगते, पगार बरा आहे. मैत्रिणींना सांगते, घरी बसून काम होतं. मुलाखती घेणाऱ्यांना सांगायचं उत्तर एका व्हिडिओतून पाठ केलं होतं, त्यात आवड, जिद्द, भविष्य असले शब्द होते. ही सगळी उत्तरं थोडी थोडी खरी आहेत, आणि त्यामुळेच ती द्यायला सोपी जातात. खरं कारण लाल रंगाची एक प्लास्टिकची खुर्ची आहे. ते सांगितलं तर लोक म्हणतील, हिला लागलं वेड.

महागावला बस स्टँडच्या रस्त्यावर एक पॅथॉलॉजी लॅब आहे. एका बाजूला झेरॉक्सचं दुकान, दुसऱ्या बाजूला एका चाचांचं मोटरसायकलचं गॅरेज. यवतमाळहून डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स, करून मी तिथे लागले आणि चिकटले. डॉक्टर पुसदहून यायचे, रिपोर्ट बघायचे, सह्या करायचे, शंका असली तर फोनवर बोलायचे. रक्त काढणं, मशीन चालवणं आणि खिडकीतून रिपोर्ट देणं ही कामं माझी. आई अंगणवाडीत मदतनीस. तिला माझ्या कामाचा एवढा अभिमान होता की विहारात वंदना आटोपली की ती बायकांना माझ्या पांढऱ्या कोटाबद्दल सांगत बसायची. कोट धुवायची तीच, आणि वाळत घालायची तोही रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर, मागच्या अंगणात कधी नाही.

लॅबमधलं कठीण काम रक्त काढणं नाही, ते हाताला येतं. कठीण काम खिडकीवर. लोक आधी कागद बघत नाहीत, तुमचं तोंड बघतात. कागदावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही असं नाही, आता घराघरात शिकलेलं पोर आहे. पण तोंड लवकर वाचून होतं. मी भुवई जराशी उचलली तरी समोरच्या बाईच्या हातातली पिशवी खाली यायची. बरं, सांगायचा अधिकार मला नाही. ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच म्हणायचं. म्हणून मी तोंड कोरं ठेवायला शिकले. आरशात बघून नाही शिकले, रोज करून करून ते आपोआप जमलं. चांगला रिपोर्ट असो की वाईट, माझं तोंड धुतलेल्या पाटीसारखं.

खुर्ची नंतर आली. एकदा एका माणसाने रिपोर्ट घेतला, पायरीवरच उघडला आणि तिथेच कोसळला. डोक्याला खोक पडली, चाचा गॅरेजमधून धावत आले, आम्ही दोघांनी त्याला आत आणून झोपवलं. तेव्हापासून मी ठरवलं, ज्याचा रिपोर्ट बरा नाही त्याला बाहेर उभं ठेवायचं नाही. आत बोलवायचं, खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, मग कागद. आपल्या परीने मी चांगलंच करत होते आणि मला स्वतःचं कौतुकही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण आमचं गाव लहान आहे आणि बाकावर वाट बघत बसलेल्या माणसांना दुसरं काम नसतं. कुणाला कागद खिडकीतून मिळतो आणि कुणाला आत बोलावतात, हे त्यांच्या लक्षात यायला किती वेळ लागणार? मला मात्र पत्ताच नव्हता. एवढंच दिसायचं की लोक हल्ली आत यायला कां-कूं करतात. ‘बसा’ म्हटलं की म्हणतात, “नाई बाई, मी उभाच बरा.” मला वाटायचं, लाजत असतील.

एका उन्हाळ्यात लाइट गेली होती आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली होती. बंजारा तांड्यावरची एक म्हातारी मुलाचा तापाचा रिपोर्ट न्यायला आलेली. रिपोर्ट मी मशीनवर पाहिला होता, साफ होता, नुसता छापायचा राहिला होता. म्हातारी बाहेर उन्हात ताटकळत उभी. मला कसंतरी झालं. मी दार उघडून म्हटलं, “याडी, आत ये, बस इथं.” तांड्यावर आईला याडी म्हणतात, तेवढं मला येत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि पायरीवर बसकण मारून रडायलाच लागली. मी म्हणतेय, काही नाही, पोरगा ठणठणीत आहे, लाइट आली की कागद देते. ती ऐकेचना. मी जितकं समजावलं तितकी ती जास्त रडली. शेवटी चाचा आले, तिच्याशी तिच्या बोलीत चार शब्द बोलले, तेव्हा कुठे ती थांबली. त्यांच्यावर तिचा विश्वास बसला. माझ्यावर नाही, आणि मशीन तर माझ्यापुढे होतं.

ती गेल्यावर चाचा हात पुसत म्हणाले, “बेटी, बुरा मत मानना. पूरा गाव तेरी कुर्सी से डरता है.”

मी हसले. मग ते म्हणाले की त्यांच्याकडेही तसंच आहे, गिऱ्हाइकासाठी चहा मागवला की ते समजून जातं, इंजिन गेलं. पण इंजिनाचं ठीक आहे, म्हणाले. मी परत हसले, पण दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. मला राग आला होता. चाचांचा नाही, म्हातारीचाही नाही. माणसाला बस म्हणणं, यापेक्षा साधी गोष्ट काय असते? दारी आलेल्याला आपण पहिल्यांदा तेच म्हणतो. ते माझ्या तोंडून निघालं की लोकांना धडकी भरायची.

खुर्ची मी कोपऱ्यात सरकवली आणि तिच्यावर कापसाचे बंडल ठेवले. त्याने काही फरक पडला नाही. आता लोक बंडल कधी हलतात तिकडे बघू लागले.

तरी हे सगळं लॅबपुरतं होतं. संध्याकाळी शटर ओढलं की संपलं, असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी आई फार थकायला लागली. अंगणवाडीतून आली की भिंतीला टेकून डोळे मिटायची. वडील मी शाळेत असतानाच गेले, घरात आम्ही दोघीच, त्यामुळे तिला काही झालं तर या विचाराच्या पुढे माझं डोकं जातच नाही. एका सकाळी मी घरीच तिच्या डाव्या हातातून रक्त घेतलं. आई हसत होती, म्हणाली, मुंगी चावल्यासारखं बी नाई वाटलं. दिवसभर मी तिच्या सगळ्या तपासण्या केल्या. साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड, काही सोडलं नाही. एकेक आकडा येत गेला आणि मी एकेक श्वास सोडत गेले. हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी सगळं नीट. डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं, लोहाच्या गोळ्या द्या. मी येताना बुंदीचे लाडू घेतले.

घरी पोचले तेव्हा आई गॅसपाशी उभी होती. दमलेली दिसली. मी पिशवी ठेवली आणि म्हणाले, “आई, बस जरा. तुहा रिपोर्ट आला.”

तिचा हात तव्याशीच राहिला. भाकर करपायचा वास आला तेव्हा मीच पुढे होऊन गॅस बंद केला.

मी तिला सगळं सांगितलं. कागद दाखवला, आकड्यांवर बोट ठेवून दाखवला. तिने लाडूही खाल्ला. जेवताना मध्येच म्हणाली, “खरं सांगून राह्यली न तू?”

मी म्हटलं, खरंच सांगतेय. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुह्या तोंडावरून काही समजत नाई व आता. पहिले समजे.”

ते मी हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात ती मावशीकडे जाते म्हणून यवतमाळला गेली. सकाळच्या गाडीने गेली, संध्याकाळी आली. मावशीने दिलेलं लोणचं फळीवर ठेवायला तिने हात वर केला, लुगड्याचा पदर सरकला आणि मला दिसली ती चिकटपट्टी. उजव्या हाताच्या कोपरात, कापसाच्या बोळ्यावर. मी रक्त डाव्या हातातून घेतलं होतं, आणि माझी टोचल्याची खूण तर केव्हाच गेली होती.

आई खोटं बोलून, बसमध्ये धक्के खात, उपाशीपोटी, परक्या लॅबच्या रांगेत उभी राहून आली होती. कशासाठी, तर तिच्या लेकीने सांगितलं ते खरं आहे का हे तपासायला. मी काही विचारलं नाही. तिनेही पदर ओढून घेतला. त्या यवतमाळच्या कागदावर वेगळं काही नसणार हे मला माहीत होतं, कारण दुसऱ्या दिवसापासून ती गाणं गुणगुणत भांडी घासायला लागली. परक्यांचं तिने मानलं. मला रडू आलं ते याचं. मी न्हाणीत जाऊन रडले आणि बाहेर येताना आपलं तोंड पुन्हा कोरं झालंय हे मला स्वतःला जाणवलं, तेव्हा मी घाबरले. हे काम आणखी काही वर्षं केलं तर माझ्या घरात माझ्या शब्दाला काही किंमतच राहणार नाही, असं मला तेव्हा वाटलं. सोडायचं, हे त्या दिवशी ठरलं.

सोडून करायचं काय, हे ठरायला वेळ लागला. लॅबच्या मशीनला एक कॉम्प्युटर जोडलेला होता. त्यातलं सॉफ्टवेअर अडकलं की नागपूरचा एक माणूस तिथे बसूनच आमचा स्क्रीन ताब्यात घ्यायचा आणि दुरुस्त करायचा. बाण आपोआप फिरतोय, फाइल्स उघडतायत, मी हात मांडीवर ठेवून बघतेय. दुरुस्त झालं की तो लिहायचा, ‘झालं’. मला त्या ‘झालं’चा हेवा वाटायचा. माझ्या हातून कधीच काही दुरुस्त झालं नव्हतं. माझं काम फक्त शोधायचं आणि कोऱ्या तोंडाने देऊन टाकायचं.

दुपारी लॅबमध्ये कुणी नसायचं, तेव्हा मी मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ बघून शिकायला लागले. पहिले काही महिने डोकं भणाणून जायचं. एक स्वल्पविराम राहिला तरी सगळं ठप्प. पण कॉम्प्युटर चूक कशी सांगतो ते मला आवडलं. या ओळीवर चूक आहे, बस. शिवी नाही, दया नाही, ‘पाणी पिता का?’ नाही. तो माझं तोंड बघत नव्हता आणि मला त्याचं बघावं लागत नव्हतं. चूक काढून परत चालवलं की चालायचं. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या, चाचांनी भिंतीपलीकडून विचारलं काय झालं म्हणून.

आईला हे मुळीच पटलं नाही. लोकांच्या कामी पडतं ते काम सोडून डब्ब्यासमोर बसणार, म्हणाली. “पांढरा कोट सोडते? काहून पण?” मी पगाराचं उत्तर दिलं. चिकटपट्टीचं कसं सांगणार? तिने मान हलवली, आणि कोट धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवला, परत लागेल म्हणून.

मुलाखतींत मी आवड आणि जिद्द म्हणत राहिले आणि ते ‘कळवतो’ म्हणत राहिले. मधल्या काळात लॅब सुटली होती आणि घरात आई माझ्याकडे न बघता भाकरी वाढायची. मला स्वतःची चीड यायची. बरी होती ती नोकरी, कुणी हाकललं नव्हतं, एका चिकटपट्टीसाठी एवढा तमाशा.

शेवटी नागपूरच्या एका छोट्या कंपनीची मुलाखत झाली, व्हिडिओवर. विचारणारी बाई मराठी बोलत होती. आवड आणि जिद्द ऐकून झाल्यावर ती म्हणाली, हे सगळेच सांगतात, तुम्ही का सोडलं ते सांगा. मी थकले होते. मी खुर्चीचं सांगितलं. म्हातारीचं सांगितलं. आईचं नाही सांगितलं. ती म्हणाली की त्यांची कंपनी लॅबसाठीच सॉफ्टवेअर बनवते आणि लॅब आतून बघितलेलं माणूस त्यांना हवंच होतं.

म्हणजे ज्याच्यापासून पळाले त्यानेच मला नोकरी दिली. घरी बसून काम. आमच्या घरात नेट फक्त खिडकीत येतं, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप ठेवून मी उभ्याने काम करते. आई म्हणते, खिडकी काही सुटली नाही तुहई.

पहिलं मोठं काम आलं ते असं: रिपोर्ट थेट पेशंटच्या मोबाइलवर जावा, आणि जो आकडा ठीक नाही तो लाल दिसावा. लिहायला अवघड नव्हतं. आकडा या हद्दीबाहेर गेला तर रंग लाल. पण लिहिताना मला ती पायरी दिसायची. आता माणूस मोबाइल उघडेल तेव्हा कुठे असेल? शेतात, बसमध्ये, गाडीवर? तिथे कोण त्याला धरणार? मीटिंगमध्ये मी म्हटलं, लाल असेल तर आधी लॅबमधून फोन जाऊ द्या. ते म्हणाले, लोकांना लगेच हवं असतं, लॅबवाल्यांनाही तेच हवंय. त्यांचंही चूक नव्हतं. खिडकीवर किती वेळ ताटकळतात ते मीच बघितलं होतं. शेवटी रिपोर्टच्या खाली ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढी ओळ टाकायला परवानगी मिळाली. माझीच जुनी ओळ. मी ती टाकली आणि काम संपवलं, पण ती ओळ कुठली ते कुणाला सांगितलं नाही.

यंदा हिवाळ्यात आई परत थकायला लागली. या वेळी तिने मला विचारलंच नाही, सरळ माझ्या जुन्या लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आली. तिथे आता दुसरी मुलगी आहे आणि आमचं सॉफ्टवेअर आहे. आईला ते फार आवडलं. मोबाइलवर येते म्हणे, कुणाचं तोंड पाहाचं काम नाई. ती मला टोमणा मारत नव्हती, मनापासूनच बोलली. मला ते लागलं.

दुपारची वेळ होती. मी खिडकीशी उभी राहून काम करत होते. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचा मोबाइल वाजलेला मी ऐकला. मग बराच वेळ शेंगांचा आवाज आला नाही. मग ती आत आली, मोबाइल पदराखाली. तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, पदराने पुसली आणि माझ्यामागे ठेवली.

“बस,” आई म्हणाली.

मी वळून पाहिलं. तिचं तोंड कोरं होतं. कुठून शिकली ते विचारायची गरज नव्हती.

“काय झालं, आई?”

“पहिले बस तू. मंग सांगतो.”

तांड्यावरच्या म्हातारीला काय वाटलं असेल ते मला त्या वेळी कळलं. नाही, मी उभीच बरी, असं माझ्याही तोंडात आलं होतं. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं, तांब्यातलं पाणी दिलं, मी दोन घोट घेईपर्यंत थांबली, आणि मग मोबाइल माझ्या हातात दिला. किडनीचा आकडा लाल होता. तो लाल रंग मी लिहिला होता. खाली माझी ओळ होती.

“यवतमाळले नाई जात या खेपेला,” आई म्हणाली. “तूच सांग, किती वाईट हाय. तू सांगशील ते मानतो मी.”

म्हणजे तिलाही माहीत होतं की यवतमाळचं मला माहीत आहे. मी आकडा परत वाचला. मला त्याचा अर्थ कळत होता, आणि सांगायचा अधिकार आता कुणी काढून घेतलेला नव्हता. पण डोळे भरून आले, ओठ थरथरायला लागले. ओढणी तोंडावर घ्यायला माझा हात वर गेला तर आईने तो धरला आणि खाली वाकून, जवळून, माझ्या तोंडाकडे बघितलं.

“हां,” ती म्हणाली. “आता समजते.”

मग ती माझ्यासमोर खाली जमिनीवर बसली आणि मी तिला एकेक सांगायला लागले.